नगर-परांड्याच्या वाटेवरचा पेशवा

नगरहून सोलापूरला निघालेली एस.टी. रुईछत्तिशी मागे टाकते आणि तासा-दीड तासात आमच्या मिरजगावात येऊन थांबते. गाव कर्जत तालुक्यातले. पाऊस बेभरवशाचा, ज्वारी मात्र नावाजलेली. मोठ्या इतिहासात आमच्या गावाचे नाव शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागणार नाही. पण नकाशा उघडा, नगरचा किल्ला आणि परांड्याचा किल्ला यांच्यामध्ये पट्टीने एक सरळ रेघ ओढा. ती रेघ मिरजगावच्या अगदी जवळून जाते. इसवी सन १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि बुडत्या निजामशाहीचे तख्त परांड्याला हलले. राज्य वाचवायला निघालेली माणसे, घोडी आणि उंट तेव्हा आमच्याच मुलुखातून गेले असणार. त्या वाटेवरच्या एका माणसाविषयी आज बोलायचे आहे. तो शिपाई होता, सेनापती झाला आणि अखेर राज्यच चालवू लागला. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याच्याशी माझी ओळख शाळेत झाली. वर्गात आम्ही दोन-तीनच मुसलमान पोरे. इतिहासाच्या तासाला अफझलखान आला की सगळा वर्ग वळून आमच्याकडे बघायचा. त्यात वाईट हेतू नसायचा, पोरेच ती. पण मान आपोआप खाली जायची. एके दिवशी गुरुजींनी भातवडीची लढाई सांगितली. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले, शरीफजीराजे लढले, शरीफजी तिथेच पडले. पोरांनी सवयीने माझ्याकडे पाहिले आणि ती गोंधळली. आता याच्याकडे कसे बघायचे? मलाही कळेना. गुरुजी तेवढेच म्हणाले, "इतिहासात माणसे बघायची असतात, वळून मागच्या बाकावर नाही बघायचे." ते वाक्य मी पुढे जन्मभर वापरले.

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळचे नाव चापू. गरिबीपायी आईबापांनीच त्याला विकले, असे एका फारसी इतिहासात सांगितले आहे. गुलामांच्या बाजारात तो हातोहात फिरला. तांबड्या समुद्रावरचे मोखा, मग बगदाद. बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि 'अंबर' हे नाव दिले. तिथून तो दख्खनला आला. विकत घेणारा होता चंगीजखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. आपल्याकडे पेशवा म्हटले की शनिवारवाडा आठवतो, पण हे पद आणि हा शब्द निजामशाहीतही होता. गंमत अशी, की हा चंगीजखानही हबशीच होता आणि एके काळी गुलामच होता.

गुलाम आणि पेशवा, हे आपल्याला जुळवता येत नाही. गुलाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला कापसाच्या मळ्यात राबणारा माणूस येतो. इथला प्रकार वेगळा होता. सुलतानांना आपल्या सरदारांचा भरवसा नसे. सरदाराला भाऊबंद असतात, सोयरे असतात, वतनाची ओढ असते. परमुलुखातून आणलेल्या पोराला यातले काहीच नसते. त्याचे नाते फक्त धन्याशी. म्हणून त्याला घोड्यावर बसवायचे, हत्यार शिकवायचे, हिशेब शिकवायचे. दिल्लीचा अल्तमश असाच विकला गेलेला तुर्क होता, तो सुलतान झाला. इजिप्तमध्ये मामलुकांनी, म्हणजे लष्करी गुलामांनी, अडीचशेहून अधिक वर्षे राज्य केले. म्हणून त्या गुलामगिरीला चांगले म्हणायचे असे मात्र मुळीच नाही. आईबापांपासून तोडलेले पोर ते तोडलेलेच. पण त्या अंधाऱ्या खोलीला वर जाणारा एक जिना होता, एवढेच.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीजखान मेला आणि अंबर मोकळा झाला. पुढची वीस वर्षे तो पोटासाठी लढणारा शिपाई होता. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. 'मलिक' ही पदवी तिथलीच म्हणतात. मग पुन्हा नगरला परतला. तोवर वय पन्नाशीच्या घरात आलेले आणि पदरी दीडशेच्या आसपास स्वार. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे म्हणून सांगतो, या वयात लोक निवृत्तीच्या गोष्टी करू लागतात. अंबरची खरी कारकीर्द अजून सुरूच व्हायची होती.

नगरवर १५९५ मध्ये अकबराची फौज आली. शहजादा मुराद किल्ल्याला वेढा घालून बसला. चांदबीबीने किल्ला कसा लढवला, ही कथा आपल्या जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला, पण तो टिकला नाही. १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून चांदबीबी मारली गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. बाल सुलतान बहादूर निजामशहाला मोगलांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकले. राजधानी गेली, राजा गेला, तेव्हा राज्य संपले असेच कोणीही म्हणेल.

अंबर तसे म्हणाला नाही. त्याला एक गोष्ट दिसली होती. मोगलांच्या हाती किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख आला होता. देश आला नव्हता. डोंगर, घाट, गावे, पाटील-देशमुख आणि त्यांची घोडी मोकळीच होती. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, परांड्याला त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. सेनापती राजकारणी झाला तो इथे.

त्याने स्वतःच का तख्त घेतले नाही, असा प्रश्न मनात येतो. फौज त्याची, अक्कल त्याची, मग राजा दुसरा कशाला? मला वाटते, त्याला आपल्या तलवारीची ताकद ठाऊक होती, तशी तिची मर्यादाही. विकत आणलेला हबशी तख्तावर बसला असता तर दहा सरदारांनी 'मग मी का नको?' असे विचारले असते. निजामशाहीच्या नावाभोवती मात्र दख्खनी मुसलमान, हबशी आणि मराठे सगळे जमू शकत होते. ती निजामशाही तरी कोणाची? तिच्या मूळ पुरुषाचा, मलिक अहमदचा बाप हसन हा पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घराण्यातला ब्राह्मण होता, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. कोण आतला आणि कोण बाहेरचा, याचा हिशेब या मातीत तेव्हाही सोपा नव्हता.

पुढली दहा वर्षे ओढाताणीची गेली. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झुंज झाली, अंबर जबर जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला रणातून कसाबसा उचलून नेला. समोर मोगलांचा सेनापती होता खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज. हा अब्दुर्रहीम म्हणजे आपण हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम. नम्रतेचे, प्रेमाचे दोहे लिहिणारा कवी दख्खनेत आमचा मुलूख जिंकायला बसला होता, हे कळल्यावर मला पहिल्यांदा धक्काच बसला. पण रहीम कवी होता तसा जाणता राजकारणीही होता. अंबरची किंमत ओळखून त्याने सरहद्द ठरवून तह केला. घरातला प्रतिस्पर्धी राजू दख्खनी, त्याला अंबरने १६०७ च्या सुमारास मोडून काढले. राजधानी जुन्नर, मग दौलताबाद अशी सरकत गेली. १६१० मध्ये त्याने नगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला. त्या सुमारास इकडे फिरलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्याजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी फौज असल्याचे लिहून ठेवले आहे. दीडशे स्वारांवरून पन्नास हजारांवर!

हे साधले कसे? मोगलांची फौज म्हणजे चालते शहर. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे. मैदानात तिच्यापुढे उभे राहणे म्हणजे मरण. अंबरने मैदानच टाळले. हलक्या घोड्यांवरच्या टोळ्यांनी रसद तोडायची, दाणावैरण जाळायची, रात्री छापे घालायचे, पाठलाग झाला की घाटात शिरायचे. फारसी इतिहासकार याला 'बर्गीगिरी' म्हणतात, आपण गनिमी कावा म्हणतो. हे युद्ध करायचे तर मुलूख तळहातासारखा ओळखीचा असलेली माणसे हवीत. ती माणसे मराठा होती. भोसले, जाधव आणि कितीतरी लहानमोठी घराणी या काळात निजामशाहीच्या लष्करात वर आली. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. त्यांनी आपल्या मुलांची नावे नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही परंपरा सर्वांना माहीत आहे. नगरला गेलो की मी त्या दर्ग्यात जातो. तिथे बसले की शाळेतला तो तास आठवतो.

आता अंबरचा साधू करू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ज्या मुर्तजाला त्याने तख्तावर बसवले, त्याच्याशीच पुढे बिनसले. त्याची हकिगत पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने लिहिली आहे. हा गृहस्थ १६१७ मध्ये अंबरला त्याच्या छावणीत भेटला होता. सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, आणि पुढे सुलतान आणि राणी दोघांनाही विष घालून मारण्यात आले. १६१० ची ही गोष्ट. त्याच्या जागी अंबरने पाच वर्षांचे पोर बुऱ्हाण निजामशहा म्हणून बसवले. बापाचा अपमान आणि मुलीचे डोळे मी समजू शकतो. पण राजा नको झाला की बदलायचा, हे ज्याला जमले त्याने राज्याच्या मुळाशीच वाळवी सोडली होती. ती वाळवी पुढे कुणाला खाणार होती, ते शेवटी येईल.

तलवारीवर मुलूख मिळतो, पण टिकवायला धारा लागतो आणि पाणी लागते. सेनापतीचा राजकारणी झाला की नाही, याची खरी परीक्षा इथे असते. आधी साऱ्याची पद्धत इजाऱ्याची होती. म्हणजे गावाचा वसूल लिलावाने घ्यायचा आणि रयतेला पिळून त्याच्या दुप्पट करायचा. अंबरने इजारे बंद केले. जमिनीची प्रत पाहून, बागायत-जिरायत वेगळी धरून, काही वर्षांचे पीक बघून आकार ठरवला. रोकडीत सरकारचा हिस्सा साधारण एक तृतीयांश ठेवला. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटील-कुलकर्ण्यांवर टाकली आणि त्यांची वतने कायम केली. शेतकऱ्याला पेरण्याआधी कळू लागले, की आपल्याला द्यायचे किती आहे. आमच्यासारख्या जिरायती मुलुखात हे कळणे म्हणजे अर्धे पोट भरणे. जुन्या वतनी कागदांत 'मलिकंबराच्या कारकीर्दीपासून चालत आले आहे' असा दाखला देण्याची रीत होती. राज्य गेले, घराणे गेले, पण भांडणाच्या वेळी पुरावा म्हणून लोक त्याचे नाव घेत राहिले. कारभाऱ्याला याहून मोठी सनद कोणती?

आणि पाणी. दौलताबादजवळच्या खडकी गावात त्याने १६१० च्या सुमारास नवे शहर वसवायला घेतले. शहराला पाणी कुठून आणायचे? उत्तरेच्या डोंगरपायथ्याचे झरे जमिनीखालून गोळा केले, भूमिगत नळ बांधले, मध्ये मध्ये हवा खेळायला आणि साफसफाईला बंब उभारले, आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही. हीच नहर-ए-अंबरी. तिने तीनशेहून अधिक वर्षे त्या शहराची तहान भागवली. शहराचे नाव अंबरच्या मुलाने फतेहनगर केले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. आपले अहमदनगरही २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नावे बदलतात. पाण्याला मात्र उतार तेवढा कळतो.

मोगलांनी हे शहर दोनदा उद्ध्वस्त केले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला त्याच इरजने अंबरचा मोठा पराभव केला आणि खडकी जाळली. या वेळी काही मराठा आणि हबशी सरदार अंबरला सोडून मोगलांना मिळाले होते. १६१७ मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, चालून आला. नगरचा किल्ला परत द्यावा लागला. १६२१ मध्ये खुर्रम पुन्हा आला आणि खडकी पुन्हा पाडली. अंबर प्रत्येक वेळी तह करी, मुलूख देई, आणि पाठ फिरताच परत घेई. जहांगीर बादशहा तर इतका चिडला होता, की आपल्या आत्मचरित्रात अंबरचे नाव तो शिव्या जोडल्याशिवाय क्वचितच घेतो. दरबारी चित्रकार अबुल हसनने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात भाल्यावर अंबरचे मुंडके लावले आहे आणि बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या संग्रहालयात आहे. खरे म्हणजे अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. जे रणात जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले.

मग १६२४. ज्या खुर्रमने खडकी पाडली, तोच बापाविरुद्ध बंड करून दख्खनेत आश्रयाला आला आणि अंबरने त्याला मदत केली. राजकारणात कायमचे वैर नसते, हे अंबर पुरते शिकला होता. त्याच वर्षी मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊन त्याच्यावर चालून आल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. गाठ पडली भातवडीला, म्हणजे आपल्या नगर तालुक्यातल्या भातोडी पारगावला. तिथला तलाव निजामशाहीतच बांधलेला. अंबरने तलावाचा बांध फोडला. खालच्या अंगाला उतरलेल्या शत्रूच्या छावणीत पाणी शिरले, चिखल झाला, हत्ती-तोफा रुतल्या. रात्री छापे, दिवसा रसदबंदी. आदिलशाहीचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी ठार झाला, मोगलांचा लष्करखान आणि कित्येक सरदार कैद झाले. शहाजीराजांनी पराक्रमाची शर्थ केली. शरीफजी पडले. परमानंदाच्या 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन आहे.

दुष्काळी गावातला माणूस म्हणून मी भातोडीच्या त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या. थेंब थेंब गोळा करून शहराला पाणी पाजणारा हा माणूस, आणि तळ्याचा बांध फोडून लढाई जिंकणाराही हाच. त्या वर्षी तळ्याखालच्या शेतांचे काय झाले असेल? इतिहासाने ते लिहिलेले नाही. विजयानंतर त्याने आदिलशहाचे नवरसपूरही लुटून उजाड केले. इब्राहिम आदिलशहा हा संगीताचा वेडा सुलतान. त्याने नवरसांच्या नावाने वसवलेले ते शहर. कवी म्हणून मला हे अंबरला माफ करता येत नाही. आणि भातवडी गाजवणारे शहाजीराजे थोड्याच दिवसांत त्याला सोडून आदिलशाहीत गेले. म्हातारपणी मोठ्या माणसांना आपल्याच तयार केलेल्या माणसांचे तेज सोसत नाही, असे तर झाले नसेल?

मे १६२६ मध्ये अंबर गेला. वय ऐंशीच्या आसपास. खुलदाबादला त्याची कबर आहे, जवळच पत्नी बीबी करीमाची. गंमत बघा, जहांगिराच्या दरबारातला इतिहासकार मुतमदखान याने शत्रूच्या मृत्यूची नोंद करताना हात आखडला नाही. युद्धात, सेनापतित्वात, विवेकात आणि कारभारात याच्या तोडीचा कोणी नव्हता, अशा अर्थाचे त्याने लिहिले.

आणि मग ती वाळवी. अंबरचा मुलगा फतेहखान पेशवा झाला. त्याने बुऱ्हाण निजामशहाला मारले आणि एक पोर तख्तावर बसवले. बापाची विद्या घेतली, बापाचे शहाणपण घेतले नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. पुन्हा एकदा सगळे संपले. तेव्हा शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीला निजामशाही वंशातल्या एका मुलाला तख्तावर बसवून मोगलांशी झुंज मांडली. अगदी अंबरने परांड्याला केले होते तसेच. १६३६ मध्ये तोही डाव मोडला. शहाजीराजांच्या मुलाने मात्र कुणाच्या नावाचे तख्त शोधले नाही. १६७४ मध्ये रायगडावर स्वतःचेच सिंहासन मांडले. परांडा, पेमगिरी, रायगड अशी ही वाट आहे. पहिल्या टप्प्यावर एक हबशी म्हातारा उभा आहे, एवढे विसरू नये.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात माझी कविता झाली आणि एक सज्जन मनापासून म्हणाले, "तुमचं मराठी फारच छान आहे हो. कुठं शिकलात?" मी म्हणालो, "मिरजगावात. आईकडून." ते हसले, मीही हसलो. रागवायचे काही नव्हते. पण परतीच्या एस.टी.त बसल्यावर अंबर आठवला. त्याची मातृभाषा इथे कोणालाच कळत नव्हती. त्याचे गाव पुन्हा त्याच्या दृष्टीस पडले नाही. त्याला कोणी विचारले असेल का, तू कुठला? आणि तो काय म्हणाला असेल? त्याचे उत्तर कागदावर उरलेले नाही. ज्या मुलुखात तो विकायला आला, त्या मुलुखासाठी तो पंचवीस वर्षे लढला, तिथल्या शेतांचा आकार ठरवला, तिथे पाणी आणले आणि तिथल्याच मातीत गेला.

मिरजगावचा थांबा आला. मी उतरलो. फाट्यावर पाण्याचा टँकर उभा होता आणि बाया हंडे घेऊन रांगेत होत्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)